सार्जंट जॉइस किल्मर व त्याचें घर

ज्युबिलीच्या वर्षीं धर्मग्रामाचा इतिहास लिहूं पाहणारास पहिला आधार म्हणजे देवळांतील नोंदवह्या. स्नानसंस्कार, विवाह आणि दफन या तीन वह्या लावून वाचल्या म्हणजे कोणत्याहि घराण्याची पिढ्यानुपिढ्यांची हकीकत हातीं लागते. परंतु या तीन वह्यांतून एक मनुष्य हटकून निसटतो. तो म्हणजे परमुलखांत लढाईंत पडलेला शिपाई. त्याच्या स्नानसंस्काराची ओळ आपल्या वहींत असते, विवाहाचीहि असते. दफनाची मात्र नसते, कारण त्याचा देह दुसऱ्या देशाच्या मातींत, दुसऱ्याच कोणा धर्मगुरूच्या हातून पुरला गेलेला असतो. वहीपुरतें पाहिलें तर तो अजून मेलेलाच नाहीं.

आपल्या कोंकणांत व देशावर कित्येक गांवीं पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या लहान दगडी पाट्या आजहि दृष्टीस पडतात. या गांवांतून महायुद्धास इतके पुरुष गेले व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच काय तो मजकूर त्यांवर कोरलेला असतो. आंकडा असतो, नांव नसतें. आणि ज्या घराच्या उंबऱ्यावरून तो पुरुष निघून गेला त्या घराचें पुढें काय झालें, हें तर कोणत्याच दगडावर नसतें. मेसोपोटेमियांत कूट येथें २९ एप्रिल १९१६ रोजीं जी वेढलेली फौज शत्रूच्या स्वाधीन झाली, तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांतील किती शिपायांच्या घरची कथा आज आपणांस सांगतां येईल?

अशा घराची कथा एकदां तरी पुरी वाचावी, या हेतूनें मी या अंकासाठीं एक शिपाई निवडला आहे. तो आपल्या देशाचा नव्हे, अमेरिकेचा. पण त्याच्या घरचीं माणसें लिहिणारीं होतीं, त्यामुळें इतर हजारों घरांतील जें दुःख मुक्यानें गेलें त्याचे कागद या घरीं मागें राहिले. शिवाय तें घर आपल्या ख्रिस्तसभेंतील होतें. त्याच्या शोकाची भाषा आपणांस परकी वाटणार नाहीं. त्याचें नांव सार्जंट जॉइस किल्मर. आपल्यापैकीं जे इंग्रजी शाळेंत शिकले त्यांतील अनेकांनीं झाडावरची त्याची बारा ओळींची कविता वाचली असेल. पण कवीचें मरण कसें झालें, आणि त्याच्या मागें कोण राहिलें, हें ठाऊक असणारे थोडेच.

बालपण व विवाह

अॅल्फ्रेड जॉइस किल्मर याचा जन्म ६ डिसेंबर १८८६ रोजीं न्यू जर्सी प्रांतांतील न्यू ब्रन्सविक या शहरीं झाला. त्याचे वडील फ्रेडरिक किल्मर हे जॉन्सन अँड जॉन्सन या कारखान्याच्या प्रयोगशाळेचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ होते. तान्ह्या मुलांच्या अंगास लावण्याची त्या कारखान्याची जी पावडर पुढें जगभर घरोघरीं गेली, ती प्रथम त्यांनींच सिद्ध केली. आईचें नांव अॅनी. कुटुंब एपिस्कोपल पंथाचें, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशीं नातें सांगणारें होतें. मुलाचीं अॅल्फ्रेड व जॉइस हीं दोन्ही नांवें त्यांच्या देवळांतील दोन पाळकांवरून ठेविलेलीं होतीं.

मुलगा हुशार, पण गणितांत कच्चा. रुटगर्स येथील कॉलेजांत दोन वर्षें काढल्यावर त्याच विषयामुळें त्याची वाट अडली; तेव्हां तो न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेला व १९०८ सालीं पदवीधर झाला. पदवी हातीं पडून महिना लोटला नाहीं तोंच, ९ जून १९०८ रोजीं, त्यानें आलीन मरे या एकोणीस वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. आलीन हीहि कविता लिहीत असे. तिचे सावत्र वडील हेन्री मिल्स आल्डन हे हार्पर्स या नामांकित मासिकाचे संपादक होते, म्हणजे तिचें माहेरच लेखकांच्या राबत्याचें.

आरंभींचा संसार ओढीचा होता. किल्मर यानें वर्षभर एका शाळेंत लॅटिन शिकविलें. नंतर न्यू यॉर्कला येऊन एका मोठ्या शब्दकोशाच्या कामीं लागला. तेथें नेहमींच्या वापरांतील शब्दांचे अर्थ लिहावयाचे, आणि मजुरी दर शब्दामागें पांच सेंट. पुस्तकांचीं परीक्षणें, व्याख्यानें, मासिकांसाठीं लेख, जें मिळेल तें काम तो घेई. १९१२ सालीं कुटुंब माहवा नांवाच्या डोंगराळ खेड्यांत राहावयास गेलें आणि १९१३ सालीं न्यू यॉर्क टाइम्स या दैनिकांत त्याला कायमची जागा मिळाली. त्याच वर्षीं २ फेब्रुवारीस माहवाच्या घरीं ती झाडाची कविता लिहिली गेली व ऑगस्टांत शिकागोच्या 'पोएट्री' मासिकांत छापली गेली. पुढें तिला चाली लागल्या, ती शाळांतून मुखोद्गत झाली, आणि टीकाकारांनीं तिची थट्टाहि केली. पण त्या वर्षाची खरी गोष्ट या कवितेंत नाहीं.

रोझ

नोव्हेंबर १९१२ मध्यें या दांपत्यास मुलगी झाली. तिचें नांव रोझ. ती तान्ही असतांच तिला पोलिओचा विकार झाला आणि तिचे हातपाय लुळे पडले. त्या काळीं या रोगावर ना लस होती ना औषध. आपल्या गांवांतहि ज्यांनीं घरांत असें मूल वाढविलें आहे, त्यांना त्या घरांतील दिवस आणि रात्र कशी जाते हें सांगावयास नको.

किल्मर याच्या मनांत धर्मविषयक शोध तत्पूर्वींच चालू होता. कॅथलिक धर्म बुद्धीला पटला होता, पण श्रद्धा हृदयांत उतरत नव्हती. न्यू यॉर्कमध्यें 'होली इनोसंट्स' म्हणजे हेरोदानें मारलेल्या निष्पाप बालकांच्या नांवाचें एक देऊळ आहे. कचेरीस जातांना रोज सकाळीं तो तेथें थांबे आणि श्रद्धेचें दान मिळावें म्हणून प्रार्थना करी. असे कित्येक महिने गेले. विस्कॉन्सिन प्रांतांतील कॅंपियन कॉलेजचे येशूसंघीय धर्मगुरु फादर जेम्स डेली यांच्याशीं त्याचा पत्रव्यवहार चालू होता. त्यांतून त्याच्या मनाची ही हकीकत आपणांस कळते. श्रद्धेची वाट आपल्यापर्यंत आली ती आपल्या पंगु मुलीच्या निश्चल हातापायांच्या द्वारें, अशा आशयाचें त्यानें फादर डेली यांस लिहिलें. मुलगी बरी व्हावी म्हणून त्यानें नवस केला आणि ती बरी झाली, असें येथें कांहीं घडलें नाहीं. ती बरी झालीच नाहीं. तिच्या दुःखाशीं झगडतां झगडतां तिच्या बापास प्रार्थना करितां येऊं लागली, एवढेंच घडलें. १९१३ सालीं पतिपत्नी दोघेंहि कॅथलिक ख्रिस्तसभेंत दाखल झालीं.

पुढें १९१४ सालीं डेबोरा व १९१६ सालीं मायकेल हीं मुलें झालीं. सर्वांत थोरला केंटन १९०९ सालचा. घर भरलेलें, आजारी मुलाची शुश्रूषा सतत चालू, मिळकत सारी लेखणीवर. १९१७ च्या वसंत ऋतूंत आलीन पांचव्या वेळीं गरोदर होती. अशा घराच्या दारीं महायुद्ध येऊन उभें राहिलें.

पलटणींत

अमेरिकेनें ६ एप्रिल १९१७ रोजीं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. १९१५ सालीं 'लुसिटानिया' ही उतारूंची आगबोट जर्मन पाणबुडीनें बुडविली, तेव्हांपासून किल्मर याचें मन या युद्धाकडे ओढलें गेलें होतें; त्या बुडालेल्या उतारूंवर त्यानें कविताहि लिहिली होती. युद्ध पुकारल्यावर थोड्याच दिवसांत त्यानें न्यू यॉर्कच्या स्वयंसेवक फौजेंत साधा शिपाई म्हणून नांव घातलें. सक्तीच्या भरतीचा कायदा अजून व्हावयाचा होता. तो १८ मे रोजीं झाला, आणि ज्यांच्यावर बायकामुलें अवलंबून आहेत अशा पुरुषांस त्यांत सवलत होती. म्हणजे त्याला जाण्याची कोणीहि सक्ती केली नव्हती आणि करणारहि नव्हतें.

ऑगस्टांत त्याची बदली ६९ व्या पलटणींत झाली. ही पलटण न्यू यॉर्कमधील आयरिश कॅथलिकांची. तिला सरकारनें त्या वेळीं १६५ असा नवा क्रमांक दिला, तरी लोक जुन्याच नांवानें तिला ओळखत. तिचे धर्मगुरु फादर फ्रान्सिस डफी हे शिपायांचे बाप आणि मित्र दोन्ही होते. त्यांचा पुतळा १९३७ सालापासून न्यू यॉर्कच्या टाइम्स चौकांत उभा आहे.

सप्टेंबर १९१७ मध्यें, बाप अद्याप छावणींत असतांना, रोझ वारली. तिला पांच वर्षें पुरतीं झालीं नव्हतीं. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं धाकटा मुलगा ख्रिस्तोफर जन्मला. एका हातानें एक मूल मातीला द्यावें आणि दुसऱ्या हातानें दुसरें पाळण्यांत घालावें, असा तो महिना आलीनच्या वांट्याला आला. ऑक्टोबर संपतां संपतां पलटण फ्रान्सकडे निघाली व किल्मर तिच्याबरोबर गेला.

येथें वाचक सहजच विचारील, या मनुष्यानें बरें केलें काय? स्वदेशाच्या हांकेस ओ देणें हें ख्रिस्तसभेनें नेहमींच सत्कर्तव्य मानिलें आहे. पण पित्याचें कर्तव्य हेंहि परमेश्वरानेंच घालून दिलेलें आहे, आणि तें दुसरा कोणी बदलीस उभा राहून पार पाडूं शकत नाहीं. पलटणीला शिपाई दुसरा मिळतो, मुलांना बाप दुसरा मिळत नाहीं. उलटपक्षीं, ज्यांना घरें आहेत त्या सर्वांनींच घरीं राहावें असें म्हटलें, तर लढाईचा सारा भार पोरक्या व निराधार तरुणांवर पडेल, हेंहि न्यायाचें नव्हे. या दोन कर्तव्यांमध्यें किल्मर यानें निवड केली, ती विचारपूर्वक केली आणि तिची पुरी किंमत दिली. पण ती किंमत त्यानें एकट्यानें दिली नाहीं. वीरपुरुषाच्या चरित्रांत हा भाग बहुधा गाळला जातो आणि म्हणून पुढील कथा सांगणें मला अगत्याचें वाटतें.

रणभूमीवर

विद्यापीठाचा पदवीधर म्हणून किल्मर यास अंमलदाराची सनद सहज मिळाली असती. तिच्यासाठीं खटपट करण्याचें त्यानें नाकारलें. दुसऱ्या पलटणींत अंमलदार होण्यापेक्षां ६९ व्या पलटणींत सार्जंट राहणें आपणांस अधिक आवडेल, असें तो म्हणे. आरंभीं त्याच्याकडे पलटणीच्या कचेरींतील आंकडे ठेवण्याचें काम होतें. तें सुरक्षित होतें, पण तेंहि सोडून १९१८ च्या वसंतांत तो टेहळणी पथकांत गेला. शत्रूच्या खंदकांची माहिती काढण्यासाठीं रात्रीं दोन फौजांमधल्या ओसाड पट्ट्यांत सरपटत जावयाचें, असें तें काम.

७ मार्च १९१८ रोजीं रूज बूके नांवाच्या रानांत जर्मन तोफांच्या माऱ्यानें जमिनीखालील एक आसरा कोसळला आणि पलटणीचे सुमारें वीस शिपाई जिवंत गाडले गेले. सोबत्यांनीं माती उकरून कांहींना बाहेर काढलें. पण बहुतेकांची ती कबरच ठरली. त्या प्रसंगावर किल्मर यानें जी कविता रचली ती त्याच्या पलटणीच्या स्मरणसमारंभांत वाचण्याची प्रथा पुढें पडली. झाडाची कविता जगाची झाली. ही कविता पलटणीचीच राहिली.

जुलैअखेर मार्न नदीच्या दुसऱ्या लढाईंत जर्मन फौज मागें हटूं लागली आणि तिचा पाठलाग करीत ६९ वी पलटण उर्क या लहानशा नदीपाशीं आली. आयरिश शिपायांनीं त्या नदीचें नांव आपल्या भाषेच्या वळणावर घालून 'ओरूर्क' असें केलें होतें. जणूं ती त्यांच्या गांवचीच कोणी. नदी ओलांडावयास सोपी, पण पलीकडच्या उतारावर यंत्रतोफा रोखलेल्या. पहिल्या तुकडीचे प्रमुख मेजर विल्यम डॉनोव्हन यांचा सहायक लेफ्टनंट ऑलिव्हर एम्स हा ठार झाला होता. त्याची जागा भरण्यास किल्मर, स्वतः त्या तुकडीचा नसतां, आपण होऊन पुढें झाला.

३० जुलै १९१८ रोजीं सेरिंज गांवाजवळच्या म्यूर्सी शेतवाडीच्या बाजूस शत्रूच्या यंत्रतोफा कोठें आहेत तें पाहण्यासाठीं तो पुढें गेला. कांहीं वेळानें सोबत्यांना तो एका चढाच्या कडेवर पालथा पडून पलीकडे पाहत असलेला दिसला. त्यांनीं हांक मारली. उत्तर आलें नाहीं. जवळ जाऊन पाहतात तों गोळी डोक्यांत लागून प्राण गेलेला. तो एकतीस वर्षांचा होता. ओढ्याजवळच्या झाडीच्या कडेला एम्सच्या शेजारींच त्याला पुरलें. युद्धानंतर त्याची कबर फेर-आं-तार्दनुआ गांवाजवळील अमेरिकन दफनभूमींत हलविण्यांत आली. तेथें सहा हजारांहून अधिक कबरी आहेत. फ्रेंच सरकारनें त्याला मरणोत्तर 'क्रॉय द गेर' हें शौर्यपदक दिलें. १४ ऑक्टोबर १९१८ रोजीं न्यू यॉर्कच्या संत पॅट्रिकच्या कॅथेड्रलांत त्याच्या स्मरणार्थ उपासना झाली. त्या एका महायुद्धांत या एका पलटणीचे ६४४ पुरुष रणांगणावर पडले.

किल्मर यानें पलटणीचा इतिहास लिहावयास घेतला होता, तो अपुरा राहिला. फादर डफी यांनीं तें काम स्वतःच्या अंगावर घेतलें आणि १९१९ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें त्याच्या अखेरीस किल्मरचें लिखाण जोडलें. धर्मगुरूनें आपल्या मृत शिपायाचें अर्धें राहिलेलें काम पुरें केलें, हें मला त्या पदकापेक्षां अधिक मोलाचें वाटतें.

मागें राहिलेलें घर

सामान्यतः शिपायाचें चरित्र येथें संपतें. आलीनच्या आयुष्याचा मात्र मोठा भाग येथून सुरू होतो. पति वारला तेव्हां तिच्या तिसाव्या वाढदिवसास दोन दिवस उरले होते. चार मुलें जवळ. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा दहा महिन्यांचा, आणि त्या धाकट्याला बापाचा चेहराहि आठवण्यासारखा नव्हता. पतीचें नांव एव्हांना सर्वतोमुखीं झालें होतें. वर्तमानपत्रांतून स्तुति येत होती, त्याच्या लेखनाचे दोन खंड एका स्नेह्यानें छापून काढले होते, मुलाच्या आठवणी सांगणारें आईचें पुस्तक १९२० सालीं निघालें. कीर्तीनें घर भरत नाहीं. मुलांच्या पोटाचा प्रश्न होता तो होताच.

तिनें लेखणी हातीं घेतली. १९१९ सालीं 'कँडल्स दॅट बर्न', १९२१ सालीं 'व्हिजिल्स' आणि १९२५ सालीं 'द पुअर किंग्ज डॉटर' असे तिचे काव्यसंग्रह निघाले; पुढें तिनें मुलांसाठीं गोष्टींचीं पुस्तकें लिहिलीं. पहिल्या दोन नांवांचा अर्थ पाहा: जळणाऱ्या मेणबत्त्या, आणि जागरणें. मृताच्या उशाशीं किंवा आजाऱ्याच्या बिछान्यापाशीं ज्या घरांतून रात्र काढली जाते त्या घरांतील हे शब्द आहेत. तिच्या कवितेंत रणवाद्यें वाजत नाहींत. तींत मुलें आहेत, त्यांच्या जिवाची धास्ती आहे, दिवसाचें काम आहे, आणि कोठें कोठें स्वतःच्याच दुःखाकडे किंचित् तिरकसपणें पाहणारा एक रुक्ष विनोद आहे. रडणाऱ्या विधवेचें सोंग तिनें वठविलें नाहीं आणि वीरपत्नीचेंहि नाहीं. जाणत्या वाचकांपैकीं कांहींना तर पतीपेक्षां तिचीच कविता अधिक टिकाऊ वाटते.

दुःखानें तिचें दार पुन्हां ठोठावलें. १९२७ सालीं मायकेल हा मुलगा अकरा वर्षांच्या सुमारास वारला. पांच मुलांपैकीं दोन अशीं तिनें मातीला दिलीं, एक पति जिवंत असतां पण जवळ नसतां, आणि एक तो गेल्यावर. पुढें डेबोरा या मुलीनें संन्यस्त जीवन पत्करलें व मिनेसोटा प्रांतांतील संत बेनेडिक्टच्या धर्मभगिनींच्या मठांत ती दाखल झाली. मठांत तिला मिळालेलें नांव सिस्टर मायकेल. म्हणजे गेलेल्या भावाचेंच नांव त्या घरच्या एका जिवंत माणसानें जन्मभर वागविलें. ती १९९९ सालीं निवर्तली. थोरला केंटन हा बापाप्रमाणेंच लेखक झाला. झाडाची कविता कोठें व कोणत्या खिडकीशीं बसून लिहिली गेली याची खात्रीची साक्ष त्यानेंच जगास दिली. तो १९९५ सालीं वारला. ज्याला बाप आठवत नव्हता तो ख्रिस्तोफर १९८४ पर्यंत जगला. म्हणजे त्या एका गोळीचे परिणाम ज्यांनीं भोगिले त्यांतील शेवटचें माणूस जाईपर्यंत ऐशीं वर्षांहून अधिक काळ लोटला.

आलीन १ ऑक्टोबर १९४१ रोजीं न्यू जर्सी प्रांतांत वारली. त्यानंतर दोन महिने व थोडे दिवस झाले आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत उतरली. १९४२ सालीं किल्मरच्या जन्मगांवाजवळ सरकारनें एक प्रचंड छावणी उघडली; युरोपांतील रणांगणाकडे जाणारे लक्षावधि शिपाई तिच्यांतून जहाजांवर चढले. तिचें नांव 'कँप किल्मर' असें ठेविलें होतें. बापाचें नांव घेऊन पुनः लाखों घरांतील बाप निघाले. हें आलीनला पाहावें लागलें नाहीं, ही मी तिच्यावर झालेली परमेश्वराची कृपाच समजतों.

दुसरें एक स्मारक अधिक शांत आहे. उत्तर कॅरोलायना प्रांतांत सुमारें ३,८०० एकरांचें एक जुनें अरण्य आहे, तेथील प्रचंड वृक्षांवर कुऱ्हाड पडलेली नाहीं. जुन्या शिपायांच्या संघटनेच्या विनंतीवरून, किल्मरच्या मरणास अठरा वर्षें झालीं त्याच दिवशीं, ३० जुलै १९३६ रोजीं, तें अरण्य त्याच्या नांवें राखून ठेवण्यांत आलें. ज्याला झाडें प्रिय होतीं त्याला योग्य असेंच तें आहे. पण रोझच्या नांवें, किंवा आलीनच्या नांवें, कोणी अरण्य राखून ठेविलेलें माझ्या वाचनांत नाहीं.

आपल्यापुरतें

धर्मबंधुभगिनींनो, ज्युबिली हा उपकारस्मरणाचा काळ. या अंकांत देऊळ बांधणारांचीं, शाळा काढणारांचीं, धर्मगुरूंचीं व दात्यांचीं नांवें छापलीं जातील, आणि तें योग्यच आहे. परंतु कांहीं उपकार असे आहेत कीं, त्यांची पावती कोणी फाडलेली नाहीं. शिपाई जातो तेव्हां मृत्यूशीं त्याची गांठ एकदांच पडते. घरीं राहिलेल्या स्त्रीला ती गांठ रोज पहांटे नव्यानें सोडवावी लागते: फी भरतांना, मुलाच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या दिवशीं, मुलीच्या लग्नांत बापाच्या जागीं कोणी तरी दुसरा उभा राहतो तेव्हां. आणि हें केवळ शिपायांच्याच घरीं घडतें असें नव्हे. बोटीवर गेलेला खलाशी, परमुलखांत कामास गेलेला मजूर परत आला नाहीं म्हणजे त्याच्याहि घरीं हेंच घडतें.

म्हणून मला एक साधी गोष्ट सुचवावयाची आहे. ज्यांच्या घरचा कोणी बाहेर, रणावर किंवा समुद्रावर, वारला व तेथेंच पुरला गेला, त्यांनीं त्याचें नांव, जन्मवर्ष, मृत्यूचें ठिकाण व दिवस एका कागदावर लिहून देवळांत आणून द्यावें. खालीं त्याच्या पत्नीचें व मुलांचें नांव न विसरतां लिहावें. दफनाच्या वहींत अशी नोंद करण्याची रीत नाहीं. पण एक वेगळी वही ठेवण्यास कोणाची आडकाठी नाहीं. नोव्हेंबर महिन्यांत, मृतांसाठीं मिस्सा होते तेव्हां, ती वही वेदीजवळ ठेवूं आणि तींतील नांवें मोठ्यानें वाचूं. ज्यांची तिथि कोणास ठाऊक नाहीं त्यांची तीच तिथि समजूं.

शिपायाचें नांव वाचून झालें म्हणजे थोडें थांबून त्याच्या घरचीं नांवेंहि वाचावीं, अशी माझी विनंती आहे. परमेश्वर त्या सर्वांच्या आत्म्यांस चिरशांति देवो, आणि जीं माणसें अजून मागें आहेत त्यांस धीर देवो.